तालाच्या खेळांची वाट

एकादी कलावस्तु कोणीं निर्मिली, केव्हां निर्मिली आणि लोकांनीं तिचें स्वागत कसें केलें, एवढें सांगितलें म्हणजे तिचा इतिहास पुरा झाला असें समजण्याची आपल्याकडे चाल आहे. ती ज्यांच्या हातीं वेळेवर पडली नाहीं आणि तरीहि ज्यांनीं तिची वर्षानुवर्षें वाट पाहिली, त्यांची दखल सहसा कोणी घेत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका मंडळीचा विचार करणार आहों. पडद्यावर चिन्हें सरकत येतात, कानीं गाणें पडत असतें, आणि खेळणाऱ्यानें नेमक्या मात्रेवर कळ दाबावयाची, पाऊल टाकावयाचें किंवा टिपरी मारावयाची, अशा धर्तीचे जे व्हिडिओ गेम गेल्या तीस वर्षांत निघाले त्यांस आम्ही सोयीसाठीं तालाचे खेळ म्हणतों. यांपैकीं बरेच जपानांत जन्मले. जपानाबाहेरच्या त्यांच्या चाहत्यांच्या वांट्यास खेळण्याइतकेंच वाट पाहणेंहि आलें. आणि तें कशामुळें आलें याचा शोध घेऊं लागलें म्हणजे कांहीं नवलाच्या गोष्टी हातीं लागतात.

पनवेलला बसून हा विषय कशाला काढावा, असें वाचक विचारतील. त्यांस आमचें उत्तर असें कीं, वाट पाहण्याच्या कामीं हें गांव मुरलेलें आहे. १८३० सालीं बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला तेव्हां मुंबईहून खाडीनें पनवेल आणि पनवेलहून गाडीनें पुणें, असा प्रवासाचा क्रम असे. १८६३ सालीं घाटांतून आगगाडी धांवूं लागली ती कल्याण-कर्जतच्या बाजूनें. पनवेल आडबाजूस पडलें. मुंबईची लोकल गाडी येथें यावयास १९९८ साल उजाडावें लागलें. १९८९ पासून शेजारीं न्हावा-शेवा बंदर चालू आहे, आणि जगभरच्या मालाच्या पेट्या पनवेलच्या रस्त्यांवरून रात्रंदिवस जात असतात. पण दारावरून जाणारा माल आपल्यासाठींच असतो असें नाहीं, हें येथल्या माणसास शिकवावें लागत नाहीं. तालाचें वावडें तर या मुलखास केव्हांच नव्हतें. भजनांतला मृदंग, तमाशांतली ढोलकी, आगरी-कोळ्यांच्या हळदींतला बेंजोचा ताफा, यांच्या संगतींत ज्याचें बालपण गेलें, त्या पोरास समेवर हात पडणें म्हणजे काय हें निराळें समजावून द्यावें लागत नाहीं. तालाचा खेळ त्यास परका वाटण्याचें कारण नव्हतें. तो मिळत मात्र नव्हता.

परदेशांतून येणाऱ्या संगीताची वाट पाहण्याचा आमच्या लोकांचा हा पहिलाच प्रसंग होता असेंहि नाहीं. १९०२ सालीं फ्रेड गैसबर्ग नांवाचा गृहस्थ ध्वनिमुद्रणाचें यंत्र घेऊन कलकत्त्यास आला व त्यानें गौहरजानप्रभृति कलावंतांचीं गाणीं मेणाच्या तबकड्यांवर उतरून घेतलीं. ह्या तबकड्या समुद्रमार्गें जर्मनींतील हॅनोव्हरच्या कारखान्यास गेल्या, तेथें त्यांच्या प्रति छापल्या गेल्या, आणि पुढल्या वर्षीं त्या हिंदुस्थानांत विक्रीस आल्या. गाणें येथलें, कंठ येथला, पैसे मोजणारेहि येथलेच. मधला कारखाना तेवढा परमुलखांत. १९०८ सालीं कलकत्त्यास तबकड्या छापण्याची सोय झाली आणि ही यातायात संपली. (भाऊराव कोल्हटकर १९०१ च्या फेब्रुवारींत वारले. यंत्र दोन वर्षें अगोदर आलें असतें तर काय झालें असतें, हा विचार नाट्यसंगीताच्या रसिकाच्या मनांत आल्यावांचून राहत नाहीं.) तरी त्या वाट पाहण्याचें कारण साऱ्यांस दिसत होतें. मध्यें समुद्र होता आणि कारखाना पलीकडल्या तीरास होता. त्यांत कोणाचा हेका नव्हता.

तालाच्या खेळांची गोष्ट निराळी. मासाया मात्सुउरा या संगीतकाराचा ‘पॅराप्पा द रॅपर’ १९९६ च्या डिसेंबरांत जपानांत निघाला. या जातीच्या खेळांची आधुनिक परंपरा त्याच्यापासून मोजतात. १९९७ सालीं कोनामी कंपनीनें ‘बीटमेनिया’ काढला, आणि १९९८ सालीं, म्हणजे ज्या वर्षीं पनवेलला लोकल आली त्याच वर्षीं, पायांनीं खेळावयाचा ‘डान्स डान्स रेव्होल्यूशन’ जपानी खेळघरांत उभा राहिला. त्या काळीं विमानें होतीं, तबकड्या छापण्याचे कारखाने देशोदेशीं होते, आणि ती तबकडी वजनानें पोस्टकार्डाहून फारशी जड नव्हती. तरीहि ‘पॅराप्पा’ अमेरिकेस पोंचावयास जवळजवळ वर्ष लागलें. समुद्राचा यांत कांहीं दोष नव्हता. अमुक खेळ अमुक देशाच्या लोकांस रुचेल कीं नाहीं, हें कंपनीच्या कचेरींत ठरत असे, आणि तें ठरेपर्यंत खेळाला कुलूप असे.

कुलूप हा शब्द आम्ही अलंकारानें वापरीत नाहीं. प्लेस्टेशनसारख्या यंत्रांचे कंपनीनें जगाच्या नकाशावर विभाग पाडले होते, आणि एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या यंत्रांत घातली तर यंत्र ती चालविण्याचें नाकारी. त्यांत पुन्हा दूरचित्रवाणीची अडचण. जपानची प्रसारणपद्धति एक, भारताची दुसरी. आपल्या पद्धतीचें नांव ‘पाल’, जें ऐकून मराठी माणसास भिंतीकडे पाहावेंसें वाटतें. जपानी खेळ आपल्या जुन्या संचास जोडला तर चित्र पुष्कळदां काळेंपांढरें दिसे. आणि जे खेळ ‘पाल’ पद्धतींत बसवून विकले जात त्यांपैकीं कित्येक मूळच्यापेक्षां सुमारें सहाव्या हिश्शानें मंद चालत, कारण तेथें सेकंदास साठ वेळां हालणारें चित्र येथें पन्नास वेळां हाले. धांवण्या-मारण्याच्या खेळांत हें खपून जाई. ज्या खेळांत लय हेंच सर्वस्व, त्यास तें परवडणारें नव्हतें.

तेव्हां चाहत्यानें काय करावें? मुंबईंत लॅमिंग्टन रोडवर यंत्राच्या पोटांत एक बारीकशी चिप डकवून तें कुलूप निकामी करणारे कारागीर होते, आणि नकली तबकड्या विकणारेहि होते. लोकल आल्यावर पनवेलहून सकाळीं निघून संध्याकाळीं परतणें अवघड उरलें नव्हतें. नक्कल करून विकणें ही चोरी आहे, याविषयीं आमच्या मनांत संदेह नाहीं. मात्र ज्या दुकानदारानें गिऱ्हाइकाच्या गांवीं दारच उघडलें नाहीं, त्यानें तें परसदारानें आंत शिरलें म्हणून गहजब करावा, याचें आम्हांस नवल वाटतें. ज्यानें मूळ वस्तु घेतली असती त्यालाहि तीं दिवसें नकलेवरच भागवावें लागलें, ही गोष्ट कंपन्यांच्या नुकसानीच्या हिशेबांत कधीं मांडलेली आढळत नाहीं.

या सर्व इतिहासांत आम्हांस सर्वांत जिव्हाळ्याचा वाटतो तो मात्सुउरांचाच दुसरा एक खेळ, ‘व्हिब-रिबन’. काळ्या पडद्यावर एक पांढरी रेषा, आणि तिच्यावरून तुरुतुरु चालणारा, रेषांनींच काढलेला एक ससा. रेषेंत खड्डे, गांठी, ठोकळे आणि लाटा येतात. वेळेवर कळ दाबली तर ससा पार होतो, चुकत गेलें तर त्याचा बेडूक होतो, पुढें किडा होतो. एवढाच खेळ. पण त्याची खरी गंमत पुढेंच आहे. हा संपूर्ण खेळ यंत्राच्या स्मरणांत मावे, म्हणून तो एकदां सुरू झाला कीं खेळाची तबकडी काढून घ्यावयाची आणि आपल्या घरची कोणतीहि गाण्याची सीडी आंत घालावयाची. त्या गाण्यांतील आवाजाच्या चढउतारांवरून रेषा वांकूं लागे, आणि तेंच गाणें खेळ होई. भाषांतराची गरज नाहीं, परदेशी गाण्यांचे हक्क विकत घेण्याची खटपट नाहीं, आणि चित्र मुळांतच काळेंपांढरें असल्यामुळें ‘पाल’चें भयहि नाहीं! पंढरीच्या अभंगांची सीडी घातली असती तर ससा अभंगावर चालला असता. लावणीची घातली असती तर बिचाऱ्याची त्रेधा उडाली असती. जगांतल्या कोणत्याहि मुलखाच्या संगीतास आपलें म्हणणारा असा खेळ आमच्या माहितींत दुसरा नाहीं.

आणि नेमका हाच अडकून पडला. जपानांत तो १९९९ च्या डिसेंबरांत निघाला, युरोपांत २००० सालीं, आणि उत्तर अमेरिकेंत २०१४ सालीं. मध्यें पंधरा वर्षें गेलीं. ज्या बालकानें त्याची बातमी वाचली तें तोंपर्यंत नोकरीस लागलें असेल. २०१४ च्या जूनमध्यें सोनीच्या अमेरिकेंतील प्रमुखानें एका मोठ्या सभेंत ह्या खेळाचा प्रेमानें उल्लेख केला. ऐकणाऱ्यांस वाटलें, आतां तो येणार. परंतु उल्लेख हा नुसता उल्लेखच होता. विक्रीची कांहींच तयारी नव्हती. निराश झालेल्या लोकांनीं एवढा गलबला केला कीं अखेर ऑक्टोबरांत तो विक्रीस काढणें कंपनीस भाग पडलें.

वाट पाहणाऱ्यांचें बळ याच्याहि आधीं एकदां दिसून आलें होतें. २००५ च्या जुलईंत निन्टेंडोच्या डी. एस्. ह्या हातांत धरण्याच्या यंत्रासाठीं जपानांत ‘ओसू! ताताकाए! ओउएनदान’ हा खेळ निघाला. ओउएनदान म्हणजे सामन्याच्या वेळीं ढोल बडवून व आरोळ्या ठोकून आपल्या पक्षास चेव आणणारें विद्यार्थ्यांचें पथक. खेळांत हें पथक परीक्षेच्या धसक्यानें बेजार झालेल्या विद्यार्थ्याच्या मदतीस धांवतें, गिऱ्हाईक तुटलेल्या खानावळवाल्याच्या मदतीस धांवतें, आणि आपण ताल सांभाळला तर त्या गरिबाचें भलें होतें. विषय इतका जपानी कीं तो बाहेर विकण्याचा विचारहि कोणीं केला नाहीं. पण डी. एस्. यंत्रास विभागांचें कुलूप नव्हतें. जपानी अक्षर न वाचतां येणाऱ्या हजारों लोकांनीं तो टपालानें मागविला. गाणीं परकीं, भाषा परकी. तरी परीक्षेचा धसका कोणास परका वाटला नाहीं. ही मागणी पाहून त्याच कारागिरांनीं पाश्चात्त्यांसाठीं २००६ च्या नोव्हेंबरांत ‘एलिट बीट एजंट्स’ हा नवा खेळ काढला. त्यांत आरोळ्या ठोकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या जागीं काळे सूट घातलेले गुप्त हस्तक आले आणि जपानी गाण्यांच्या जागीं इंग्रजी आलीं. तो खेळ चांगला आहे. परंतु ज्यांनीं थोरल्या भावाला बोलावलें होतें त्यांच्या घरीं धाकटा पाठविला गेला, आणि थोरला जपानाबाहेर रीतसर कधींच निघाला नाहीं. कचेरींतल्या मंडळींस मागणी ऐकूं आली, तिचा अर्थ कळला नाहीं, असें आम्हांस वाटतें. लोकांस जपानीपणाची अडचण नव्हती. त्यांस तोच हवा होता.

त्याच सुमारास टपालाचें दारहि किलकिलें झालें. हॉंगकॉंगचें लिक-सांग हें दुकान परदेशी खेळांच्या चाहत्यांस ठाऊक असे. युरोपांत पी. एस्. पी. यंत्र विक्रीस येण्यापूर्वींच तें तेथील गिऱ्हाइकांस पाठविल्यावरून सोनीनें त्यावर लंडनच्या न्यायालयांत दावा लावला, आणि २००६ च्या ऑक्टोबरांत दुकान बंद झालें. जपानी नगाऱ्याच्या ‘तायको नो तात्सुजिन’ची कथा थोडक्यांत अशी कीं, २००४ सालीं त्याची एक आवृत्ति अमेरिकेस गेली, आणि घरच्या यंत्रांवर पुढली यावयास २०१८ साल लागलें.

मग कांहींनीं वाट पाहणेंच सोडून दिलें. २००७ सालीं ऑस्ट्रेलियांतील डीन हर्बर्ट ह्या तरुणानें ‘ओउएनदान’च्या धर्तीवर संगणकासाठीं ‘ओसू!’ नांवाचा खेळ रचला व तो फुकट वांटला. त्यांत गाणें कोणतें घ्यावयाचें आणि त्यावर चिन्हें कशीं बसवावयाचीं, हें खेळणारेच ठरवितात. पनवेलच्या मुलास तो टोकियोच्या मुलाबरोबर त्याच दिवशीं मिळूं शकला. लॅमिंग्टन रोडची खेप नाहीं, चिप नाहीं. गाण्यांच्या हक्कांचा प्रश्न येथेंहि उरतोच, आणि तो उगाच झांकून ठेवणें आम्हांस प्रशस्त वाटत नाहीं. परंतु एकेका गाण्यावर रात्र-रात्र जागून चिन्हें बसविणारे हे लोक कोणत्याहि पगाराविना काम करीत आले आहेत, आणि कंपन्यांनीं जें गिऱ्हाईक नाहींच असें धरलें होतें तेंच हें.

हल्लीं खेळ तबकडीवर येत नाहीं, फोनवर येतो. कुलूप गेलें नाहीं. तें यंत्रांतून निघून दूरच्या एका संगणकास जाऊन बसलें. सेगाचा ‘प्रोजेक्ट सेकाई’ जपानांत २०२० च्या सप्टेंबरांत सुरू झाला आणि बाहेरच्यांसाठीं २०२१ च्या डिसेंबरांत. तेथें जें गाणें व जी कथा आज आली ती येथें वर्षभरानें यावयाची, अशी रीत पडली. त्यामुळें एक विलक्षण जातीचा चाहता निर्माण झाला. पुढें काय येणार हें त्यास ठाऊक असे, कारण जपानांत तें घडून गेलेलें असे; एकाद्या गाण्यासाठीं तो महिनोन्महिने आपली गंगाजळी जपून ठेवी. पूर्वींच्यांस खेळ येईल कीं नाहीं याची भ्रांत होती. ह्यास तारीख माहीत होती, हात तेवढा पोंचत नव्हता.

हॅनोव्हरहून आलेली १९०३ ची तबकडी आजहि सुई लावली तर गाते, आणि १९९९ चा ससा जुनें यंत्र मिळालें तर चालतो. दूरच्या संगणकावर चालणाऱ्या खेळाचें तसें नाहीं. ‘लव्ह लाइव्ह! स्कूल आयडल फेस्टिव्हल २’ हा तालाचा खेळ २०२३ च्या एप्रिलांत जपानांत निघाला. त्याचा आधीचा भाग जगभर खेळला जात असे, म्हणून दुसऱ्याच्या बाहेरच्या आवृत्तीची वाट अनेकजण पाहत होते. २०२४ च्या जानेवारींत घोषणा झाली कीं ती आवृत्ति १ फेब्रुवारीस सुरू होईल. आणि त्याच घोषणेंत असेंहि लिहिलें होतें कीं ती ३१ मे रोजीं बंद होईल. घोषणा वाचूनहि लोकांनीं ती फोनवर उतरवून घेतली, आणि ठरलेल्या दिवशीं दिवा मालवेपर्यंत ते खेळत राहिले.