वृद्ध वादकांची मैफल

कांहीं संगीत तारुण्याचा उन्माद अंगीं घेऊनच जन्मास येतें. त्याचे निर्माते तरुण असतात, श्रोते तरुण असतात, आणि हा सर्व खेळ तारुण्याबरोबरच संपावयाचा, अशी उभयतांची समजूत असते. १९६६ व १९६७ या दोन वर्षांत लंडन आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांत उदयास आलेलें ‘सायकेडेलिक रॉक’ हें अशाच जातीचें संगीत होय. सायकेडेलिक हा शब्द हंफ्री ऑसमंड या मानसवैद्यानें १९५६ सालीं दोन ग्रीक शब्द जोडून घडविला. ‘मनाला प्रकट करणारें’ असा त्याचा अर्थ. मूळचा तो मन भ्रमविणाऱ्या औषधी द्रव्यांस उद्देशून योजलेला होता. दहा वर्षांनीं तो संगीतासही लागला. तें संगीत वाजविणारे विशीच्या उंबरठ्यावरील तरुण होते. आपण पंचाहत्तराव्या वर्षीं हींच गीतें वाजवीत असूं, असें त्यांच्यापैकीं कोणाच्या स्वप्नींही आलें नसेल.

म्हणूनच असा एकादा वृद्ध वादक पुन्हां रंगमंचावर येऊन बसतो, तेव्हां एक प्रश्न उभा राहतो. समोर बसलेला श्रोता ऐकतो तें काय? तें संगीत, कीं स्वतःच्या गतकाळाचा प्रतिध्वनि? या प्रश्नाचा विचार करावयास लंडनमधील एक वास्तु आणि तिच्यांत ५२ वर्षांहून अधिक अंतरानें झालेल्या दोन मैफली फार उपयोगीं पडतात.

ती वास्तु म्हणजे उत्तर लंडनमधील ‘राउंडहाउस’. १८४७ सालीं आगगाडीचीं इंजिनें ठेवण्यासाठीं ती बांधण्यांत आली. वर्तुळाकार भिंत, शंकूच्या आकाराचें छप्पर, त्याला तोलून धरणारे २४ ओतीव लोखंडी खांब, आणि मध्यभागीं इंजिनाचें तोंड वळविणारा फिरता चबुतरा, अशी तिची रचना होती. परंतु थोड्याच वर्षांत नवीं इंजिनें त्या चबुतऱ्यावर मावेनात इतकीं लांब झालीं, आणि ती जागा निरुपयोगी ठरून पुढें मद्याचें कोठार बनली. १९६६ सालीं ती जवळजवळ मोडकळीस आलेली, थंड व अस्वच्छ अशी एक भव्य पोकळी होती. त्या वर्षीं १५ ऑक्टोबरच्या रात्रीं ‘इंटरनॅशनल टाइम्स’ या नव्या पत्राच्या प्रकाशनानिमित्त तेथें एक जलसा झाला, आणि त्यांत ‘पिंक फ्लॉइड’ हा त्या वेळीं फारसा कोणास ठाऊक नसलेला चौघांचा संच वाजविण्यास उभा राहिला.

या चौघांपैकीं रॉजर वॉटर्स, रिचर्ड राइट व निक मेसन हे तिघे लंडनच्या रीजेंट स्ट्रीट पॉलिटेक्निकमध्यें वास्तुशास्त्राचे विद्यार्थी म्हणून एकत्र आले होते. चौथा सिड बॅरेट हा केंब्रिजचा. चित्रकलेचा विद्यार्थी आणि वयानें सर्वांत लहान, अवघ्या वीस वर्षांचा. संचाचें नांव त्यानेंच पिंक अँडरसन व फ्लॉइड कौन्सिल या दोन अमेरिकन गायकांच्या नांवांवरून ठेवलें होतें. बहुतेक गीतें त्याचीं, गळाही मुख्यत्वें त्याचाच. वाजवीत असतां त्यांच्या अंगावर रंगीत प्रकाश खेळविला जाई. कांचेच्या दोन पट्ट्यांमध्यें रंगीत द्रव ठेवून दिव्याच्या उष्णतेनें ते हलूं लागले, म्हणजे भिंतींवर व वादकांच्या देहांवर रंगांचे बुडबुडे वाहूं लागत. वादकांचे चेहरे दिसेनात. दिसे तो केवळ प्रकाश, ऐकूं येई तो केवळ नाद.

‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’ ही त्यांची शब्दहीन रचना या पद्धतीचा उत्तम नमुना होय. आरंभीं खालीं उतरत जाणारी एक ठाशीव स्वरपंक्ति; ती ओळखीची होते न होते तोंच वाद्यें तिला सोडून मोकळ्या आकाशांत निघून जातात; ताल ढिला होतो, स्वर विस्कटतात; आणि श्रोता वाट चुकल्यासारखा झाला असतां तीच पंक्ति परत येते. मुखडा घेऊन विस्तारास निघणें व पुन्हां मुखड्यावर येणें ज्यांच्या कानांस परिचित आहे, त्यांना यांतील युक्ति समजण्यास अडचण पडूं नये. १९६७ च्या ऑगस्टमध्यें निघालेल्या पहिल्या ध्वनिमुद्रिकासंग्रहांत ही रचना दहा मिनिटांच्या आंत बसविलेली आहे. रंगमंचावर मात्र तिला घड्याळाचें बंधन नसे.

परंतु त्याच वर्षाच्या अखेरीस बॅरेटचें मन ढासळूं लागलें. एलएसडी या द्रव्याचें सेवन, अकस्मात् आलेली कीर्ति आणि रोजच्या प्रवासाची दगदग, यांपैकीं कशाचा वांटा किती, हें कोणासही निश्चित सांगतां आलेलें नाहीं. रंगमंचावर तो कधीं एकच स्वर वाजवीत राही, कधीं हात लोंबते सोडून नुसता उभा असे. त्याच्या मदतीस त्याचाच केंब्रिजचा मित्र डेव्हिड गिल्मोर यास घेण्यांत आलें. १९६८ च्या जानेवारींत एके दिवशीं हे सर्व जण जलशास निघाले असतां, वाटेंत सिडला घ्यावयाचें काय, असा प्रश्न निघाला. आणि नको, असें ठरलें. गाडी त्याच्या घराकडे वळली नाहीं. बॅरेटची या संचांतील कारकीर्द एवढ्याशा निर्णयानें संपली. त्या निर्णयाच्या भागीदारांत निक मेसन हाही एक होता.

पुढील कथा सर्वविश्रुत आहे. १९७३ च्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’नें पिंक फ्लॉइडला जगभर नेलें, मुंबईकर रसिकांनींही २००७ सालीं वॉटर्सच्या दौऱ्यांत तो संग्रह समग्र ऐकला. परंतु यशाचा हा डोंगर जसजसा वाढला, तसतशीं बॅरेटच्या काळचीं गीतें त्याच्या पायथ्याशीं गाडली गेलीं. मोठमोठ्या क्रीडांगणांवरील जलशांत त्यांतील एकाददुसरेंच क्वचित् ऐकूं येई. १९७५ च्या जूनमध्यें मुद्रणगृहांत एक स्थूल, भुंवया काढलेला मनुष्य येऊन बसला. तो बॅरेट आहे हें त्याच्या जुन्या सोबत्यांना बराच वेळ ओळखूं आलें नाहीं. तो २००६ सालीं वारला. राइट २००८ सालीं गेला. वॉटर्स व गिल्मोर यांच्यांतील वितुष्ट मिटलें नाहीं. १९६६ च्या त्या रात्रींतील जें कांहीं हयात होतें, तें हळूहळू ग्रंथांत व संग्रहालयांत जाऊं लागलें.

अशा वेळीं, २०१८ च्या मे महिन्यांत, मेसननें लंडनच्या डिंगवॉल्स या लहानशा सभागृहांत एक नवा संच घेऊन पाऊल टाकलें. त्याचें वय त्या वेळीं ७४ वर्षांचें होतें. १९६८ च्या संग्रहावरून संचास ‘सॉसरफुल ऑफ सीक्रेट्स’ हें नांव दिलें, आणि १९७३ पूर्वीचींच गीतें वाजवावयाचीं असा नियम केला. म्हणजे ज्या गीतांनीं मोठीं क्रीडांगणें भरलीं असतीं, तींच त्यानें बाजूस ठेविलीं. सोबतीस गाय प्रॅट, गॅरी केंप, ली हॅरिस व डॉम बेकन हे चौघे होते. मूळ संचाच्या आरंभकाळीं हे कोणी वाजविण्याच्या वयाचे नव्हते. पुढील वर्षीं न्यूयॉर्कमधील त्यांच्या जलशांत वॉटर्सही अकस्मात् येऊन एक जुनें गीत गाऊन गेला.

२०१९ च्या मे महिन्यांत हा संच राउंडहाउसमध्यें आला. ती मैफल ध्वनिचित्रमुद्रित होऊन २०२० सालीं प्रसिद्ध झाली आहे. आरंभ ‘इंटरस्टेलर ओव्हरड्राइव्ह’नेंच झाला. वास्तु तीच, तरी आतां नूतनीकरण होऊन झळझळीत. प्रकाशाची किमया तीच, तरी यंत्रें नवीं. ढोलांच्या मागें बसलेला ७५ वर्षांचा मनुष्य मात्र तोच होता. त्या रात्रींच्या क्रमांत दोन गीतें विशेष लक्षांत घेण्याजोगीं आहेत. ‘व्हेजिटेबल मॅन’ हें बॅरेटनें १९६७ च्या उत्तरार्धांत, स्वतःच्याच वेषाचें व विसकटलेल्या अवस्थेचें वर्णन करीत रचलेलें गीत; तें ऐकवत नाहीं म्हणून दडपून ठेवलें गेलें व २०१६ पर्यंत अधिकृतपणें प्रसिद्ध झालें नाहीं. दुसरें राइटचें ‘रिमेंबर अ डे’. बालपणाच्या आठवणीचें हें गीत मूळ मुद्रणाच्या वेळीं मेसनला साधेना, म्हणून निर्माता नॉर्मन स्मिथ यानेंच ढोल वाजविले होते. पन्नास वर्षांनीं, गीत रचणारा निघून गेल्यावर, मेसननें तें स्वतःच्या हातांनीं पुरें केलें.

या मैफलींवर आक्षेप घेण्यास जागा आहे. पांचांपैकीं एकच वादक मूळचा. गाणारे गळे दुसऱ्यांचे. मग ही नक्कल नव्हे काय? नक्कल ती, जी जुन्या मुद्रिकेशीं स्वर जुळवीत बसते. परंतु ज्या संगीताचा प्राणच आयत्या वेळच्या विस्तारांत आहे, त्याची मुद्रिका ही एका दिवसाची नोंद असते. तें जिवंत ठेवावयाचें तर पुन्हां पुन्हां नव्यानें वाजविण्यावांचून गत्यंतर नाहीं. तरुण वादकांच्या संगतींत मेसननें नेमकें हेंच केलें.

आक्षेपाचें दुसरें उत्तर कलेच्या नव्हे, ऋणाच्या कक्षेंतील आहे. ज्या सोबत्याला गाडींत घेतलें नाहीं, त्याला परत आणणें कोणाच्याच हातीं नव्हतें. मात्र त्याचीं गीतें लोकांसमोर नेणें हातीं होतें, आणि तें त्याच्यानंतर पिंक फ्लॉइडनें उभारलेल्या कीर्तीचा आश्रय न घेतां करणें अधिक कठीण होतें. यानें १९६८ च्या त्या दिवसाची भरपाई झाली असें म्हणणें भाबडेपणाचें ठरेल. गाडी एकदां वळली नाहीं, ती नाहींच. परंतु ऋण फिटत नसलें तरी तें मान्य करतां येतें, आणि वादकाला तें मान्य करण्याची जागा आपल्या वाद्यापाशींच असते.

राहतां राहिला श्रोता. तारुण्यांत हें संगीत ऐकलेला वृद्ध अशा मैफलींत आपला गतकाळ शोधीत येतो, हें खरें आहे. आणि त्यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. मात्र चोवीस वर्षांच्या तरुणानें बालपणाची आठवण काढणें निराळें आणि आयुष्याच्या उतारावरील मनुष्यानें तेंच गीत वाजविणें निराळें. शब्द तेच असून अर्थ बदललेला असतो. पहिल्या वेळीं जो केवळ भाव होता, तो आतां अनुभव झालेला असतो. तारुण्याचें म्हणून जन्मलेलें संगीत वार्धक्यांत केवळ टिकून राहत नाहीं, तें कधीं कधीं वार्धक्यांतच पुरतें उमगतें. वृद्ध वादकाच्या मैफलीस जाऊन बसण्याचें खरें फळ तें हेंच होय.