हिमदैत्याची घडण

उत्तर युरोपांतील लोकांना हिवाळा हा केवळ ऋतु नव्हता. अन्न व प्राण हिरावणारा तो वैरी होता. वितळत्या हिमापासून यमीर हा आद्य दैत्य जन्मला, असें त्यांचें पुराण सांगतें. तेराव्या शतकांत आइसलंडच्या स्नोरी स्टुर्लुसननें ती कथा लिहून ठेविली. पुढें १९७४ सालीं गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन या अमेरिकनांनीं वीरांच्या भूमिका घेऊन फांशांनीं खेळावयाचा ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ काढला. त्यांत हिमदैत्याची प्राणशक्ति व प्रहाराचें बळ आंकड्यांत बसविलें गेलें. १९७७ च्या राक्षसकोशाप्रमाणें थंडी त्याला बाधत नाहीं. शस्त्र मात्र बाधतें. खऱ्या हिवाळ्यावर तलवार चालत नाहीं. त्याला देह व मोजमाप मिळालें, तेव्हांच माणसाच्या हातीं जिंकण्याची संधि आली.