नांगराआधीचा पट्टा

जुन्या ट्रॅक्टरच्या पुलीवर लांब सपाट पट्टा चढवायचा आणि त्यावर करवत गिरणी चालवायची, ही अमेरिकेच्या खेड्यांतली जुनी रीत. आज पाहणाऱ्याला ती अडल्यावेळची तडजोड वाटते. ट्रॅक्टरचं कूळ तपासलं की कळतं, पट्टा फिरवणं हे त्याचं वडिलोपार्जित काम आहे. नांगर नंतर आला.

कुळाचा मूळपुरुष म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरचं, चाकांवर बसवलेलं वाफेचं इंजिन. ते आपलं आपण चालत नसे. घोडे त्याला शेतावर ओढून नेत. तिथं ते मळणीयंत्र फिरवी आणि सुगी सरली की रानात जाऊन करवत. पेनसिल्व्हेनियातल्या वेन्सबरोची फ्रिक कंपनी अशी इंजिनंही बनवी आणि गोल करवतीच्या गिरण्याही. धुराड्यातल्या ठिणग्यांनी पेंढा पेटू नये म्हणून इंजिन खळ्यापासून दूर उभं करत. त्यामुळे पट्टा लांब ठेवावा लागे. लांब पट्टा स्वतःच्या वजनानं पुलीला चांगला धरतो, हा त्यातला फायदा. पुढे इंजिन स्वतःची चाकंही फिरवू लागलं, तरी कमाई बव्हंशी पट्ट्याचीच राहिली.

1892 साली आयोवातल्या जॉन फ्रोलिकनं पेट्रोलवर पुढे-मागे चालणारं यंत्र जुळवलं आणि साउथ डकोटात नेलं, तेही मळणीसाठीच. त्याच्या पाठोपाठ वॉटर्लू गावात कंपनी उभी राहिली. ती 1918 मध्ये जॉन डिअरनं विकत घेतली. नेब्रास्का राज्यानं 1920 पासून विक्रीच्या ट्रॅक्टरांची चाचणी सुरू केली, तेव्हा पहिला तपासला गेला तो याच घराण्यातला ‘वॉटर्लू बॉय’. त्याची ताकद 12-25 अशी लिहीत: ओढण्यासाठी 12 अश्वशक्ती, पट्ट्यासाठी 25. ओढताना दातेरी चक्रांत आणि मऊ मातीत चाकं घसरण्यात निम्मी ताकद खर्ची पडे. उभ्यानं पट्टा फिरवताना ती जवळजवळ सगळी हाती येई.

करवतीला मात्र नुसती ताकद पुरत नाही, वेग ठरलेला लागतो. 52 इंची पातं मिनिटाला 500 फेरे घेऊ लागलं की त्याची कड ताशी सुमारे 125 किलोमीटर वेगानं धावते आणि ताणली जाते. म्हणून कारागीर पात्याचा मधला भाग हातोडीनं ठोकून किंचित सैल ठेवतो. ठरल्या वेगाला कड ताणली की पातं सरळ होतं. वेग पडला तर ते लवतं आणि फळी वाकडी निघते. पुलींचं गणित इथं कामी येतं: ट्रॅक्टरची 15 इंची पुली 800 फेरे घेत असेल, तर 500 फेऱ्यांसाठी करवतीला 24 इंची पुली हवी. ओंडका दाताला भिडताच इंजिनाचा वेग राखणारा गव्हर्नर इंधन वाढवतो आणि जड फ्लायव्हील तेवढा क्षण सांभाळून नेतं. 1923 ते 1953 या काळात बनलेला जॉन डिअरचा ‘मॉडेल डी’ या कामात मुरला. दोनच सिलिंडर, सावकाश फिरणारं इंजिन आणि पुली थेट क्रँकशाफ्टच्या रेषेत. मध्ये एकही दातेरी चक्र नाही.

पट्टा ताणायला वेगळं यंत्र लागत नाही. पुल्या एका रेषेत आणायच्या, ट्रॅक्टर हळूच मागे घ्यायचा, चाकांना उटी लावायची. पुलीचा मध्य किंचित फुगीर असतो, म्हणून पट्टा आपोआप मध्यावर येतो. पातं ओंडक्यात अडकलं तर पट्टा घसरतो किंवा उतरतो, शाफ्ट मोडत नाही. मात्र उतरलेल्या पट्ट्याचा फटका जीव घेऊ शकतो. जाणता माणूस त्याच्या रेषेत उभा राहत नाही.

1918 मध्ये इंटरनॅशनल हार्वेस्टरनं पट्ट्याविना यंत्रं चालवायला ट्रॅक्टरला मागे फिरता शाफ्ट दिला, 1927 मध्ये त्याचं प्रमाण ठरलं. कापणी-मळणी एकत्र करणारी यंत्रं आली, खळ्यावरचा पट्टा गेला, नव्या ट्रॅक्टरांवरून पुलीही गेली. उरले ते जुने ट्रॅक्टर. शेताला ते नकोसे झाले, पण एका जागी उभं राहून एकसारखं फिरण्याचं कसब त्यांच्यात शाबूत होतं आणि करवतीला नेमकं तेच हवं होतं. अशा ट्रॅक्टरचं मोल लोखंडाच्या वजनावर ठरवू नये. त्याच्या पुलीवर पट्टा चढवून त्याला ओंडक्यासमोर उभं करणं, हीच त्याची खरी पारख.