होमरचीं विशेषणें व मिल्मन पॅरी यांची परीक्षा

होमरच्या ‘इलियड’ काव्यांत अकिलीझ गलबतांपाशीं रुसून बसलेला असतांही ‘शीघ्रपाद’च म्हणविला जातो. अशा पुनरुक्तीस कोणी कवीचें अनवधान मानिलें, तर कोणी मागाहूनचा प्रक्षेप. या वादास अमेरिकन पंडित मिल्मन पॅरी (१९०२–१९३५) यांनीं जें वळण दिलें, तें संस्कृतज्ञांनींही लक्षांत घेण्यासारखें आहे.

पॅरिस येथें १९२८ सालीं सादर केलेल्या प्रबंधांत त्यांनीं हीं विशेषणें मोजून पाहिलीं. चरणाच्या ठराविक जागीं, लघुगुरूंच्या ठराविक मापांत, एका वीराच्या नांवास बहुधा एकच विशेषण जोडलेलें आढळतें. म्हणजे त्याची निवड प्रसंगावर नसून वृत्तावर अवलंबून आहे. इतकी विस्तृत, तरीही काटकसरीची योजना एका कवीच्या हातून होणें नाहीं. ती पिढ्यांची कमाई होय, असें त्यांचें अनुमान.

१९२९ पासून हार्वर्ड विद्यापीठांत ग्रीक शिकवीत असतां, ही परंपरा मौखिकच असली पाहिजे, असें प्रतिपादन त्यांनीं १९३० व १९३२ च्या निबंधांत केलें. परंतु केवळ पोथीवरून त्याचा निर्णय होईना. म्हणून १९३३ मध्यें व पुन्हां १९३४–३५ मध्यें ते युगोस्लाव्हियांत गेले. गुसले नामक तंतुवाद्यावर वीरगीतें गाणारे शाहीर तेथें हयात होते. माँटेनेग्रोंतील बियेलो पोल्ये येथील आव्दो मेजेदोविच या निरक्षर गायकाच्या तोंडून १२,००० हून अधिक ओळींचें एक काव्य १९३५ सालीं उतरून घेण्यांत आलें. त्याच वर्षीं डिसेंबरांत पॅरी निवर्तले; त्यांचे सहायक आल्बर्ट लॉर्ड यांनीं तें कार्य पुढें चालवून १९६० मध्यें ‘द सिंगर ऑफ टेल्स’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला.

येथें एक विवेक राखिला पाहिजे. दृष्टांतानें शक्यता सिद्ध होते, घटना नव्हे. लेखनावांचून महाकाव्य रचतां येतें, इतकें आव्दोनें दाखविलें. होमरनें तसेंच रचिलें, हें त्यानें सिद्ध होत नाहीं. तें अनुमान बळकट मात्र झालें.

पॅरी प्रथम युगोस्लाव्हियांत गेले त्याच १९३३ सालीं, पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींतील आदिपर्वास जोडलेली डॉ. सुखटणकर यांची प्रस्तावना प्रसिद्ध झाली. ‘महाबाहो’, ‘परंतप’, ‘भरतर्षभ’ हीं संबोधनें कोठें पादपूरणार्थ व कोठें अभिप्रायपूर्वक, हा प्रश्न आपल्याही पुढें आहेच. दोन पोथ्यांत सारख्या मापाचीं भिन्न संबोधनें आढळलीं, कीं एक लेखकाचा प्रमाद ठरवावा, असें आपणांस वाटतें. पण तीं दोन सूतांच्या मुखांतील सारख्याच योग्यतेचीं असूं शकतील. निर्णय कोणताही होवो, आधीं मोजणी झाली पाहिजे. पॅरी यांच्यापासून घ्यावयाचा धडा तो हाच.