गुंज, ग्रेन आणि पासंग : तराजू निवडण्याआधी थोडा इतिहास

प्रयोगशाळेसाठी खरेदीची यादी निघाली की सगळ्यात कमी चर्चा तराजूवर होते. स्पेक्ट्रोफोटोमीटरसाठी तीन बैठका होतात, आणि तराजू मात्र ‘चार दशांश स्थळांचा बघा’ एवढ्या एका वाक्यात उरकतो. तुम्ही संशोधनाची तयारी करत असाल तर तुमच्या आकड्यांपैकी निम्मे तरी याच तराजूवरून येणार आहेत, हे लक्षात ठेवा. म्हणून आज जरा वेगळ्या वाटेने जाऊ या. वाट बंदुकीच्या दारूपासून सुरू होते.

परदेशात काही नेमबाज रिकामी पुंगळी फेकून न देता तिच्यात नवी दारू आणि नवी गोळी भरतात. (आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतूस बनवणं हा गुन्हा आहे, त्यामुळे इथे फक्त वजनाचा मुद्दा बघायचा.) ही दारू ते ‘ग्रेन’मध्ये तोलतात. ७००० ग्रेन म्हणजे एक पौंड, म्हणजे एक ग्रेन साधारण ६४.८ मिलिग्रॅम. त्यांचे तराजू ०.१ ग्रेनपर्यंत, म्हणजे साडेसहा मिलिग्रॅमपर्यंत दाखवतात. दारू जास्त झाली तर नळीतला दाब त्या प्रमाणात न वाढता त्याहून वेगाने चढतो आणि बंदूक हातात फुटू शकते. पुण्याजवळ खडकीला दारूगोळ्याचा कारखाना १८६९ पासून आहे. असल्या कारखान्यात तराजूची चूक ही हिशेबाची चूक राहत नाही.

ग्रेन म्हणजे मुळात धान्याचा दाणा. आपल्याकडे त्याच जागी गुंज होती. लाल, काळ्या तोंडाची ती बी तुम्ही पाहिली असेल. (विषारी असते, चावू नका.) आठ गुंजांचा एक मासा आणि बारा माशांचा एक तोळा, म्हणजे तोळ्याला ९६ गुंजा. कंपनी सरकारने १८३३ मध्ये तोळा १८० ग्रेनचा ठरवला. आता भागाकार करा : एक गुंज १.८७५ ग्रेनची, म्हणजे साधारण १२१.५ मिलिग्रॅमची. दोन वेगवेगळ्या बिया एका नियमाने एकमेकींना बांधल्या गेल्या.

‘बी कसली अचूक?’ असं तुम्ही म्हणाल. एकेक बी नसतेच. पण समजा, बियांच्या वजनात दहा टक्के फरक पडतो. फरक दोन्ही बाजूंना विखुरलेला असेल तर ९६ बियांच्या बेरजेत तो एक टक्क्याच्या आसपास येतो, कारण ९६ चं वर्गमूळ जवळजवळ दहा आहे. तुम्ही मोजमाप पुन्हा पुन्हा करून सरासरी काढता, तेव्हा याच तत्त्वावर विसंबता. पण सगळ्याच बिया दमट असतील तर सरासरी काही कामाची नाही. तो दोष बेरजेत तसाच राहतो.

हा धोका जुन्या लोकांना नेमका माहीत होता. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात वजनं लोखंडाची किंवा मगध-मेकलच्या दगडाची करावीत, नाहीतर पाण्याने वाढणार नाहीत आणि उष्णतेने घटणार नाहीत अशा वस्तूंची करावीत, असं सांगितलं आहे. त्यावर देखरेखीला पौतवाध्यक्ष हा अधिकारी, दर चार महिन्यांनी तपासणी आणि शिक्का नसलेलं वजन वापरल्यास दंड. तुमच्या विभागातल्या तराजूवर शेवटच्या कॅलिब्रेशनची तारीख कोणती आहे, एकदा जाऊन बघा.

आता पासंग. ‘तो याच्या पासंगालाही पुरणार नाही’ हे आपण सहज म्हणतो. रिकाम्या तराजूची दोन पारडी समान राहत नसतील तर हलक्या बाजूला खडा किंवा तारेचा तुकडा बांधतात, तो पासंग. म्हणजे शून्य जुळवणं. पण शून्य जुळलं म्हणजे तराजू खरा झाला असं नाही. दांडीच्या दोन भुजा एक टक्का लहान-मोठ्या असतील, तर पासंग बांधूनही प्रत्येक वजन एक टक्क्याने चुकणारच. उपाय सोपा आहे : पदार्थ एकदा डाव्या पारड्यात तोला, एकदा उजव्या. १०.१ आणि ९.९ ग्रॅम आलं, तर दोघांच्या गुणाकाराचं वर्गमूळ हे खरं वजन, म्हणजे १० ग्रॅमच. दुसरा उपाय फ्रान्सच्या बोर्दाच्या नावाने ओळखला जातो. पदार्थ एका पारड्यात ठेवून दुसऱ्यात वाळू घालायची आणि दांडी सरळ करायची. मग पदार्थ काढून त्याच पारड्यात वजनं ठेवायची. भुजा कशाही असोत, दोन्ही वेळा पारडं तेच असल्याने चूक उरतच नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर स्वित्झर्लंडच्या मेटलरने एकाच पारड्याचा तराजू आणला, तो याच कल्पनेवर. त्याआधी १८७० मध्ये गॉटिंगेनच्या सार्टोरियसने दांडी आखूड करून तोलणं झटपट केलं होतं.

इलेक्ट्रॉनिक तराजू आल्यावर मात्र एक गोष्ट गुपचूप बदलली. दांडीचा तराजू वस्तुमानाची तुलना करतो, इलेक्ट्रॉनिक तराजू बल मोजतो. गॉटिंगेनला गुरुत्वत्वरण साधारण ९.८१, आपल्या अहमदपूरला ९.७८ च्या आसपास. तिथे जुळवलेला तराजू इथे तसाच लावला, तर १०० ग्रॅमच्या वजनाला पाव ग्रॅमहून जास्त कमी दाखवेल. स्क्रीनवर चार दशांश स्थळं असतील, आणि चूक पहिल्याच स्थळात. म्हणून जागेवर बसवून, अर्धा तास चालू ठेवून, प्रमाणित वजनाने जुळवल्याशिवाय त्याच्यावर काही लिहायचं नाही. लाईट गेली की पुन्हा तेच.

स्वस्त खिशातल्या तराजूंची आणखी एक खोड आहे. त्यांच्यात शून्य आपोआप सांभाळण्याची सोय असते. रिकाम्या किंवा शून्य केलेल्या पारड्यात चिमटी-चिमटीने पावडर टाकली, तर तो ती ‘शून्याचं सरकणं’ समजून गिळून टाकतो. आकडा हलत नाही आणि माल वाढत जातो. दारू तोलणाऱ्यासाठी हे जिवावरचं, तुमच्यासाठी निदान सहा महिन्यांच्या प्रयोगांवरचं. म्हणूनच चुंबकाने डोलणं थांबवलेला साधा दांडीचा तराजू तिकडचे कित्येक जण अजून सोडत नाहीत. त्याला वारा लागतो आणि वेळ लागतो, पण तो गिळत नाही.

इतिहासाकडे वळणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. अहमदपूर १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थानातल्या, नंतर हैदराबाद राज्यातल्या बीदर जिल्ह्यात होतं. निजामाचा हाली रुपया साधारण ११.१८ ग्रॅमचा, इंग्रजी रुपया ११.६६ ग्रॅमचा. जुन्या कागदात ‘रुपयाभार’ दिसला तर आधी विचारा, कोणता रुपया? दोघांत चार टक्क्यांचा फरक आहे. तोळ्याचंही तसंच. मेट्रिक वजनं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली, पण ‘तोळा’ हा शब्द गेला नाही. आज सराफाकडे तोळा म्हणजे दहा ग्रॅम. आजीच्या पाटल्या ‘पाच तोळ्यांच्या’ असतील तर त्या ५८ ग्रॅमच्या की ५० च्या, हे त्या कधी घडवल्या यावर ठरतं.

खरेदीच्या यादीत मी काय लिहीन? आधी किमान किती तोलायचंय ते. मग त्याच वजनाला दहा वेळा ठेवून आकडे किती विखुरतात ते, विक्रेत्यासमोर, पैसे देण्याआधी. दशांश स्थळं सगळ्यात शेवटी. आणि २० ग्रॅमचं एक प्रमाणपत्र असलेलं वजन वेगळं घ्या, डबीत ठेवा, बोटं न लावता चिमट्याने उचला.