महाविद्यालयीन कलामंच : परंपरा आणि कर्तव्य

इ. स. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले. परंतु विद्येचे दालन खुले झाले तरी कलेचे दालन दीर्घकाळ शहरी महाविद्यालयांपुरतेच मर्यादित राहिले. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली दिल्लीत पहिला आंतरविद्यापीठ युवक महोत्सव भरला. पुण्यात १९६३ पासून ‘महाराष्ट्रीय कलोपासक’ संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा सुरू झाली. अशा उपक्रमांमुळे स्नेहसंमेलनातील हौसेला शिस्त व कसोटी लाभली. पुढे युवा महोत्सवांत संगीत, नृत्य, नाट्य, वाङ्मय व ललित कला असे विभाग रूढ झाले.

भिसेगाव-कर्जत परिसराच्या दृष्टीने या इतिहासाला वेगळाच अर्थ आहे. लहान महाविद्यालयाला स्वतःचे नाट्यगृह क्वचितच लाभते. येथे तालमीची वेळही लोकलच्या वेळापत्रकावर ठरते. मात्र ठाकर व कातकरी बांधवांची नृत्ये, जी शहरात वर्गात बसून शिकावी लागतील, ती येथील वाड्यांवर जन्मतःच अंगी मुरतात. ही कला अवगत असलेला विद्यार्थी वेशभूषेचे कापड, वाद्ये व प्रवासखर्च यांअभावी मंचापर्यंत पोहोचलाच नाही, तर हानी त्याच्या एकट्याची होत नाही. हा भार उचलणे हे समाजधुरिणांचे कर्तव्यच होय.