कचरा होण्याआधी

पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली १ ऑक्टोबर २०१६ रोजी, आणि केंद्र सरकारचे ई-कचऱ्याचे सुधारित नियम लागू झाले तेही त्याच दिवशी. हा निव्वळ योगायोग. पण तळोज्याला घातक कचऱ्याचे सामायिक प्रक्रिया केंद्र आणि जवळच न्हावाशेवा बंदर असलेल्या या गावाला विद्युत वस्तू कंटेनरमधून उतरताना दिसतात, नाहीतर भंगारात जाताना. या पुस्तकाचा प्रश्न त्याही आधीचा आहे: वस्तू घडवताना तिच्यात विष घातलेच का?

भारतात त्यावर मर्यादा आली ई-कचऱ्याच्या २०११ च्या नियमांनी. ती प्रत्यक्षात लागू झाली १ मे २०१४ पासून. युरोपात ती जुलै २००६ पासूनच होती. शिसे, पारा, षट्संयुजी क्रोमियम आणि पीबीबी, पीबीडीई ही ब्रोमीनयुक्त अग्निरोधके यांना मुभा ०.१ टक्का, कॅडमियमला ०.०१. युरोपने २०१९ पासून चार थॅलेटांनाही (प्लास्टिक मऊ करणारी रसायने) मर्यादा लावली. आपल्याकडे त्यांना ती नाही, हे मला खटकते.

नवा वाचक अडखळतो तो टक्का कशाचा, इथे. अख्ख्या टीव्हीचा नव्हे. यांत्रिकरीत्या आणखी वेगळा करता येणार नाही अशा प्रत्येक एकजिनसी पदार्थाचा. मागचे झाकण उघडून पाहा. वायरचे आवरण वेगळे, स्क्रूवरचा मुलामा वेगळा, सोल्डरचा थेंब वेगळा. जुन्या प्रचलित सोल्डरमध्ये ३७ टक्के शिसे असे. टीव्हीच्या वजनात ते नगण्य, पण त्या थेंबात मर्यादेच्या ३७० पट! ते १८३ अंशांना वितळे. त्याच्या जागी आलेले कथील, चांदी, तांब्याचे मिश्रण वितळायला २१७ अंश तरी लागतात. म्हणजे शिसे काढले की भट्टीपासून बोर्डापर्यंत सगळाच हिशेब नव्याने मांडावा लागतो.

तपासणीतही गंमत आहे. क्ष-किरणांचे हातातले यंत्र मुलाम्यात क्रोमियम आहे एवढेच सांगते; तो षट्संयुजी आहे की बराच कमी घातक असा त्रिसंयुजी, हे त्याला कळत नाही. त्यासाठी स्क्रू पाण्यात उकळून त्या पाण्यात डायफेनिलकार्बाझाइड घालतात आणि लालसर जांभळा रंग येतो का ते बघतात. बारावीच्या प्रयोगशाळेत वावरलेल्या कुणालाही हे समजेल.

विज्ञानाची धास्ती असणाऱ्यांनी सवलतींपासून सुरुवात करावी. २०१६ च्या नियमांत एक तरतूद होती: १ मे २०१४ पूर्वी बाजारात आलेल्या यंत्रासाठी मर्यादेत बसणारा सुटा भाग मिळत नसेल, तर न बसणाराही चालू शकतो. दुरुस्तीवाल्याच्या पोटाचा प्रश्न आणि शिशाचा प्रश्न इथे समोरासमोर येतात. माझा कल दुरुस्तीवाल्याकडे आहे. वाचकाने वाद घालावा.